चाळिशीनंतर डिजिटल चित्रकलेचा व्यवसाय: कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर

पंचेचाळिशीत, पन्नाशीत किंवा निवृत्तीनंतर डिजिटल चित्रकलेकडे वळणाऱ्या बहुतेकांचा क्रम सारखाच असतो. आधी महागडा टॅब्लेट येतो. मग सोशल मीडियावर पान उघडलं जातं. ओळखीतून एखादं काम येतं, आणि ते अंगावर आल्यावर कळतं की छपाईची फाइल किती मोठी लागते, लेयर (चित्राचे एकावर एक थर) कसे ठेवायचे, बदल किती वेळा करून द्यायचे, यातलं काहीच माहीत नाही. मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हेच केलं. पुढे माझ्याकडे शिकायला आलेल्या समवयस्कांचं घोडंही बहुतेक वेळा तिथेच अडलेलं दिसलं.

म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. आठवड्याला आठ-दहा तास देता आले तर खालचे टप्पे साधारण दीड वर्षात होतात.

टप्पा १: खरेदीच्या आधी एक कागद

कोरा कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहून काढा.

वेळ. ‘जमेल तसं’ असं लिहू नका. वार आणि तास लिहा: मंगळवार सकाळी साडेसहा ते आठ, शनिवारी दुपारी दोन ते पाच. रात्री जेवणानंतरचा वेळ शक्यतो टाळा, तेव्हा डोळे आधीच दमलेले असतात.

पैसा. पहिलं वर्षभर या कामातून एक पैसाही मिळणार नाही असं धरून घर चालतं का, ते पाहा. चालत नसेल तर नोकरी सोडू नका. नोकरी करत असाल तर तिचा करार काढून वाचा. बाहेरचं काम करायला लेखी परवानगी लागते का, हे त्यात असतं. कार्यालयाचा संगणक आणि कार्यालयाच्या परवान्याचं सॉफ्टवेअर या कामासाठी वापरू नका.

दिशा. इथे जरा वेळ द्या, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ‘डिजिटल आर्ट’ हा एकच व्यवसाय नाही. मुलांच्या पुस्तकांतली चित्रं, मुखपृष्ठं, कॉमिक, जाहिरातीचे स्टोरीबोर्ड, गेममधली पात्रं आणि ठिकाणं, कापडावरचे नक्षीनमुने, व्यक्तिचित्रं, वैद्यकीय आणि तांत्रिक आकृत्या ही सगळी वेगवेगळी कामं आहेत. त्यांचे ग्राहक वेगळे, फाइली वेगळ्या, शिकायच्या गोष्टीही वेगळ्या. उशिरा सुरुवात करणारा माणूस सहसा जे सगळीकडे दिसतं तेच करू पाहतो: चमकदार कल्पनारम्य पात्रं, ड्रॅगन, मोठ्या डोळ्यांचे चेहरे. तिथे विशीतली, रोज दहा तास बसू शकणारी मुलं आधीच उभी आहेत.

तुमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांच्या दुसऱ्या कामाचं ज्ञान आहे. ते बाजूला ठेवून पाटी कोरी करू नका. परिचारिकेला सलाइनची नळी कुठून कुठे जाते ते पाठ असतं. फिटरला पंपाच्या आतले भाग कोणत्या क्रमाने बसतात ते ठाऊक असतं. शिंप्याला कापड कुठे ताणतं आणि कुठे चुणी पडते ते दिसतं, आणि प्राथमिक शिक्षिकेला सहा वर्षांचं मूल पानावर आधी काय शोधतं ते कळतं. पुस्तकाचा संपादक किंवा उपकरणाची माहितीपुस्तिका काढणारी कंपनी अशा माणसाला काम देते, कारण तपशिलाच्या चुका दुरुस्त करण्यात तिचा वेळ जात नाही. कागदावर लिहा: ‘मला ____ यातलं आतून कळतं आणि त्याची चित्रं ____ यांना लागतात.’ दोन्ही जागा भरल्या की दिशा ठरली.

तपासणी: दुसरी रिकामी जागा भरता येत नसेल तर त्या विषयावरची दहा पुस्तकं, पुस्तिका किंवा संकेतस्थळं चाळा. ज्यांत चित्रं आहेत, ते तुमचे संभाव्य ग्राहक.

टप्पा २: डोळे, मान, मनगट

हा टप्पा साधन घेण्याच्या आधीच करायचा, कारण कोणतं साधन घ्यायचं हे यावरून ठरतं.

चाळिशी लागली असेल, तर वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटीमीटर अंतरासाठी केलेला असतो. संगणकाचा पडदा असतो ५० ते ७० सेंटीमीटरवर. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं दिसणारी जागा काचेच्या खालच्या भागात असते, म्हणून पडद्याकडे बघताना नकळत हनुवटी वर जाते आणि तासाभरात मान धरते. उपाय साधा आहे. खुर्चीत नेहमीसारखं बसा, कुणाला तरी टेपने डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजायला सांगा आणि तो आकडा घेऊन डोळे तपासायला जा. फक्त त्या अंतराचा एक चष्मा करून घ्या.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग किंचित पिवळसर होत जातं आणि निळा रंग कमी पोचतो. हे हळूहळू होत असल्याने जाणवत नाही. निळे-जांभळे रंग निवडताना केवळ नजरेवर विसंबू नका. रंगनिवडीच्या चौकटीतले आकडे पाहा. आणखी एक: रात्री पडदा पिवळा करणारी सोय रंगकाम करताना बंद ठेवा. ती चालू ठेवून रंगवलेलं चित्र सकाळी निळंगार दिसतं.

मनगटाचंही तसंच. पेन घट्ट धरून जोर देऊन काढायची सवय कागदावरून येते. टॅब्लेट आल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये पेनच्या दाबाचा आलेख असतो, तो मऊ बाजूला सरकवा, म्हणजे हलक्या स्पर्शातही जाड रेघ उमटते. पेन बारीक वाटत असेल तर त्यावर रबरी बाही चढवा. लांब रेघा खांद्यातून काढा. दर २० मिनिटांनी सुमारे ६ मीटर लांब कुठेतरी २० सेकंद बघा, आणि अर्ध्या तासाने उठा. ‘रंगात आलो की उठवत नाही’ असं सगळेच म्हणतात, म्हणून गजर लावायचा.

सावधान: अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत मुंग्या किंवा बधिरपणा येऊ लागला, विशेषतः रात्री, तर काम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. मनगटातली नस दबण्याची ती खूण असू शकते. सरावाने ती जात नाही, वाढते.

टप्पा ३: साधन निवडणं आणि नीट लावणं

तीन पर्याय आहेत. बिनपडद्याचा पेन टॅब्लेट: हात टेबलावर, नजर समोरच्या पडद्यावर. पडद्याचा टॅब्लेट: थेट चित्रावर पेन टेकवायचं. आणि आयपॅडसारखं एकटं चालणारं यंत्र.

नव्या माणसाला पडद्याचा टॅब्लेट नैसर्गिक वाटतो आणि तो आहेही. पण त्यावर वाकून बसावं लागतं. मानेचा त्रास आधीच असेल तर मी बिनपडद्याचाच सुचवते. समोर सरळ बघता येतं, किंमतही बरीच कमी. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. ते आठवडे त्रासाचे असतात, आणि ‘हे मला जमणारच नाही’ म्हणून टॅब्लेट कपाटात जातो तो याच काळात. रोज वीस मिनिटं नुसत्या रेघा, गोल आणि स्वतःची सही काढत राहा. हात बसतो.

पेनचा दाब ओळखायच्या पातळ्या ४०९६ की ८१९२ यावर पैसे घालवू नका, हाताला तो फरक कळत नाही. रेखाटायची जागा मात्र बघा. साधारण १० बाय ६ इंच असेल तर खांद्यातून रेघ काढता येते. अगदी छोट्या टॅब्लेटवर सगळा भार मनगटावर येतो.

सॉफ्टवेअर एकच निवडा आणि सहा महिने बदलू नका. क्रिता मोफत आहे आणि व्यावसायिक कामाला पुरतं. क्लिप स्टुडिओ पेंट कॉमिकवाल्यांना सोयीचं आहे. प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर चालतं, एकदाच पैसे द्यावे लागतात, पण कॅनव्हास (चित्राचं डिजिटल पान) मोठा घेतला की लेयरची संख्या कमी होते, हे आधी माहीत असू द्या. फोटोशॉपला ठरावीक मुदतीने वर्गणी भरत राहावी लागते. कमाई सुरू होईपर्यंत त्याची गरज नाही.

लावताना या गोष्टी करा:

१. आधी जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर (टॅब्लेट संगणकाशी जोडणारा प्रोग्राम) काढा, मग नवा टाका. दोन ड्रायव्हर एकत्र राहिले की दाब चालेनासा होतो.

२. टॅब्लेटची जागा एकाच पडद्याशी जोडा आणि लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवणारी खूण सुरू करा.

३. विंडोजमध्ये पेन दाबून धरल्यावर उजव्या क्लिकचं वर्तुळ येतं, ते बंद करा. रेघेचा दाब लागत नसेल तर ‘विंडोज इंक’ची खूण एकदा उलट करून पाहा.

४. पुसणं, मागे जाणं (शेवटची रेघ रद्द करणं), ब्रश लहान-मोठा करणं आणि कॅनव्हास फिरवणं हे चार शॉर्टकट दुसऱ्या हाताला द्या.

तपासणी: बिनपडद्याच्या टॅब्लेटवर एखादं गोल झाकण ठेवून त्याच्या कडेने पेन फिरवा. पडद्यावर वर्तुळ आलं पाहिजे. अंडाकृती आली तर दुसरी पायरी चुकली आहे. तशीच ठेवलीत तर पुढची सगळी माणसं लांबट किंवा बसकी येतील आणि दोष तुम्ही स्वतःच्या हाताला द्याल.

टप्पा ४: पहिले चार महिने राखाडी

एक गोल कडक ब्रश, तीन लेयर आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पाच छटा. चार महिने एवढंच. ब्रशचे शेकडो संच मोफत मिळतात म्हणून उतरवून घेतले जातात आणि सरावाचा वेळ ते चाळण्यात जातो.

क्रम असा: रेघा आणि लंबवर्तुळं, मग पर्स्पेक्टिव्हमधली (जवळचं मोठं, लांबचं लहान दिसणारी) खोकी, मग खोकी-नळकांडी-गोळे यांवर एका बाजूचा प्रकाश, मग त्याच आकारांतून बनलेल्या खऱ्या वस्तू. टप्पा १ मध्ये जो विषय ठरवला, त्यातल्याच वस्तू घ्या. फिटरने पाने आणि झडपा काढाव्यात, परिचारिकेने हात आणि पट्ट्या. आठवड्यातला एक दिवस कागद-पेन्सिलीला द्या. तिथे ‘मागे’ची कळ नसते, म्हणून रेघ टाकण्याआधी विचार होतो.

त्या कळेबद्दल एक नियम घालून घ्या: एका रेघेला तीनदाच मागे जायचं. चौथ्यांदा जी येईल ती ठेवायची. वीस-वीस वेळा मागे जाऊन एक भुवई काढणारी माणसं मी पाहिली आहेत. महिनाभरानंतरही ती त्याच भुवईवर असतात.

तपासणी: महिन्याच्या शेवटी पहिल्या आठवड्यातली वस्तू पुन्हा काढा, जुनी न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवा. इतरांच्या चित्रांशी तुलना या काळात करू नका, त्यातून तुमची प्रगती कळत नाही.

टप्पा ५: एक चित्र शेवटापर्यंत नेणं

पाचव्या महिन्यापासून अभ्यासाची पानं कमी आणि पूर्ण चित्रं जास्त. अर्धवट चाळीस चित्रांपेक्षा पूर्ण चार चित्रं जास्त शिकवतात, कारण बहुतेक अडचणी शेवटच्या तिसऱ्या भागात येतात.

१. कामाचा मजकूर लिहा, ग्राहकाने दिल्यासारखा: ‘आठ ते दहा वयाच्या मुलांसाठी, झाडाची मुळं पाणी कशी ओढतात, उभं पान, वरच्या बाजूला मजकुराला जागा.’ अशी बंधनं नसली की चित्र भरकटतं.

२. संदर्भ गोळा करा. स्वतः काढलेले फोटो सर्वांत सुरक्षित. दुसऱ्याचा फोटो रेघोरेघ उतरवून विकणं हे हक्कांचं उल्लंघन ठरू शकतं. ‘सीसी झिरो’ परवान्याची, म्हणजे मालकाने हक्क सोडून दिलेली छायाचित्रं वापरता येतात, तरी परवान्याचं पान जतन करून ठेवा.

३. तळहातापेक्षा लहान अशी सहा कच्ची रेखाटनं करा. पहिलं आवडलं तरी उरलेली पाच करा. माझ्या अनुभवात चौथं-पाचवं बरं निघतं.

४. निवडलेलं मोठं करून त्यात तीन छटा भरा: उजळ, मधली, गडद. लांबून बघून मुख्य गोष्ट कळत नसेल तर रंग लावू नका. रंगाने ते सुधारणार नाही.

५. रेघ, मग सपाट रंग, मग सावल्यांसाठी वेगळा ‘मल्टिप्लाय’ लेयर, म्हणजे खालचे रंग गडद करणारा. लेयरना नावं द्या. ‘लेयर ४७ कॉपी २’ असलेली फाइल सहा महिन्यांनी तुम्हालाही उलगडत नाही.

६. सगळ्यात वर काळ्या रंगाचा लेयर टाकून त्याचा प्रकार ‘कलर’ करा. चित्र राखाडी दिसेल. चौथ्या पायरीतल्या तीन छटा अजून शिल्लक आहेत का, ते बघा आणि लेयर झाकून टाका.

७. दर अर्ध्या तासाने चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं करून पाहा. क्रितामध्ये त्यासाठी ‘एम’ ही कळ आहे. वाकडा चेहरा, कललेली भिंत लगेच दिसते.

सावधान: खूप झूम करून काम करण्याचा मोह डोळ्यांमुळे आणखी वाढतो. पूर्ण चित्र दाखवणारी दुसरी छोटी खिडकी कायम उघडी ठेवा. तिच्यात जे दिसत नाही, त्यावर तास घालवू नका.

टप्पा ६: फाइल

छपाईच्या कामात कॅनव्हासचं माप सुरुवातीलाच ठरवावं लागतं. छोटं चित्र नंतर ताणून मोठं केलं की धूसर होतं. ए४ पानाला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. चित्र कडेपर्यंत छापायचं असेल तर चारही बाजूंना साधारण ३ मिलिमीटर ब्लीड (कापून जाणारी जादा कड) धरतात, म्हणजे २५५१ बाय ३५७९. महत्त्वाची गोष्ट या कडेजवळ ठेवू नका, कापताना ती जाते.

पडद्यावर दाखवायच्या चित्रासाठी ‘एसआरजीबी’ ही रंगपद्धत निवडा. छपाई ‘सीएमवायके’ म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंत होते आणि त्यात झगझगीत हिरवा, निळा, केशरी बसत नाहीत. माझं पहिलं छापील मुखपृष्ठ मळकट आलं ते यामुळे. मी पडद्यावरच्या पोपटी रंगावर भाळले होते. काम सुरू करण्याआधी छापखान्याची रंग-प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे येतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या, रंगांचं पूर्वदर्शन त्यातून पाहा, आणि जमलं तर एक नमुना छापून घ्या.

मूळ फाइल लेयरसकट ठेवा. ग्राहकाला ठरेल त्या प्रकारची प्रत द्या. जेपीईजी पुन्हापुन्हा उघडून साठवत राहिलात तर दर वेळी दर्जा घटतो. आणि प्रती तीन हव्यात: दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. ‘आज रात्री कॉपी करते’ म्हणून ठेवलेल्या फाइली मी गमावल्या आहेत.

टप्पा ७: दाखवायची चित्रं

आठ ते बारा चित्रं, सगळी एकाच दिशेची. बघणारा तुमच्या सगळ्यात कमकुवत चित्रावरून अंदाज बांधतो, म्हणून शंका असलेलं चित्र काढून टाका. नातवाचं व्यक्तिचित्र, निसर्गदृश्य, देवादिकांची चित्रं कितीही जिव्हाळ्याची असली तरी तांत्रिक आकृत्यांच्या संग्रहात घालू नका. दोन चित्रांसोबत त्यांची कच्ची रेखाटनंही दाखवा. तुम्ही विचार कसा करता, हे ग्राहकाला त्यातून कळतं.

आर्टस्टेशन, बिहान्स ही चित्रं मांडायची संकेतस्थळं किंवा स्वतःचं एक पानी संकेतस्थळ, कुठेही चालेल. परिचयात वय लिहायची गरज नाही आणि ‘उशिरा सुरुवात केली’ अशी माफीही नको. त्या जागी लिहा: ‘बावीस वर्षं रुग्णालयात काम, आता आरोग्यविषयक चित्रं.’ लोकप्रिय मालिकांच्या पात्रांची चित्रं टाळा, त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली प्रतिमा स्वतःची म्हणून मांडू नका. प्रकाशक करारात याबद्दल विचारू लागले आहेत, आणि खोटं निघालं तर ते काम तर जातंच, नावही जातं.

मग पत्रं पाठवा. टप्पा १ मध्ये काढलेल्या ग्राहकांना, एकेकाला वेगळं, पाच-सहा ओळींचं, दोन चित्रं आणि दुव्यासह. पान उघडून वाट बघत बसल्याने काम येत नाही.

टप्पा ८: पहिलं पैशाचं काम

आधी तास मोजा. चित्राला १४ तास लागले आणि पत्रव्यवहार, संदर्भ, बदल, फाइल तयार करणं यांना ५, तर हिशोब १९ तासांचा करायचा. नवखी माणसं १४ तासांचाच हिशोब करतात आणि एक चतुर्थांशाहून जास्त वेळ फुकट देतात. निवृत्तिवेतन आहे म्हणून दर पाडूनही सांगू नका. त्याने तुमचं नुकसान होतं, आणि ज्यांचं घर यावर चालतं त्यांचंही.

ओळखीच्या माणसाचं काम असलं तरी, खरं तर तेव्हा जास्तच, हे लेखी ठेवा:

१. किती चित्रं, कोणत्या मापाची, कोणत्या तारखेला.

२. अर्धी रक्कम सुरू करण्याआधी.

३. कच्च्या रेखाटनाला लेखी होकार मिळाल्याशिवाय रंग नाही. त्यानंतर दोन वेळा बदल दरात धरलेले, तिसऱ्याला जादा रक्कम.

४. काम मध्येच रद्द झालं तर तोवरच्या टप्प्याचे किती.

५. वापर कुठे, किती काळ, कोणत्या स्वरूपात. ‘सर्व हक्क कायमचे’ असं वाक्य असेल तर दर वेगळा, बराच जास्त.

६. मोठ्या मापाची अंतिम फाइल पूर्ण रक्कम मिळाल्यावर. तोपर्यंत छोटी प्रत, चित्रावर तुमच्या नावाची खूण उमटवून.

सावधान: तीन सापळे नव्या चित्रकारांसाठी ठरलेले आहेत. ठरल्याहून जास्त रक्कम ‘चुकून’ पाठवून फरक परत मागणारा ग्राहक: त्याची मूळ रक्कम नंतर रद्द होते आणि तुमची गेलेली असते. ‘कामाचे संदर्भ’ म्हणून झिप फाइल पाठवणारा: आत चित्रांच्या जोडीला चालणारा प्रोग्राम असला तर उघडू नका, संदर्भ पत्रातच चिकटवून मागा. आणि काम देण्याआधी चित्रकारांच्या यादीत नाव घालण्यासाठी तुमच्याकडूनच शुल्क मागणारा.

काम पूर्ण करून पाठवलं की त्याच दिवशी बिल पाठवा, आपल्याकडच्या करनियमांप्रमाणे त्याची नोंद करा, आणि अंदाजाचे तास व प्रत्यक्ष लागलेले तास एका वहीत शेजारी-शेजारी लिहा. पुढच्या कामाचा दर सांगण्याआधी ती वही उघडायची.